राजाआक्काची इर्जिक आणि कणगीतला भात

“भिवा, फुकणी घे रं. म्या गाती, तू फुक.”

हा आवाज अकरा वर्षांच्या पोरीचा. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. आई गेली आणि आमच्या घरची चूल राजाआक्काच्या हाती आली. भरे गावात आषाढात चूल पेटवायची म्हणजे नदीला काडी लावण्यातला प्रकार. लाकूड ओलं, गोवरी ओली, भिंत ओली, आक्काचे केस ओले. धुरात डोळे मिटून ती आईची ओवी गायची:

ओलं गं सरपान, धूर दाटला घरात
भाऊ माझा भुकेजला, हात घाली पदरात

आणि मी फुंकायचो. गाल फुगवून, जीव खाऊन फुंकायचो. जाळ काही व्हायचा नाही. राख मात्र उडायची आणि ती नेमकी आक्काच्या तोंडावर जाऊन बसायची. ती खोकत खोकत हसायची आणि पुढची ओवी धरायची. माझ्या फुंकेचं हे असंच आहे. आजवर तिनं जाळ कधी झाला नाही, राख पुष्कळ उडाली. आता सांगतो ती गोष्टही त्यातलीच.

आक्काचं लग्न मुळशी खोऱ्यात वरच्या अंगाला झालं. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा गेला. मी तेव्हा जर्मनच्या लढाईसाठी बसऱ्याला होतो. पुढं धरणाचं पाणी चढलं, सासरची शेतं पाण्याखाली गेली, दीर-जावा वाट फुटेल तिकडं पांगल्या, आणि आक्का डोक्यावर बोचकं आणि काखेत एक कोंबडी घेऊन भऱ्याला परत आली. आमच्या बापानं डोळे मिटण्याआधी चार माणसांदेखत सांगितलं, “वढ्याकडची दोन खाचरं राजाची. जगंल तवर तिची.”

त्या चार माणसांत आमचा चुलता कोंडाजीही होता. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याचं शेत आक्काच्या खाचरांना लागून, आणि शेजारच्याच्या आंब्यावर जसं आपलं मन बसतं तसं त्याचं त्या खाचरांवर बसलेलं. आदल्या साली आक्काची लावणी रखडली. बैल नाही, माणूस नाही. वरचं खाचर अर्धं पडीक राहिलं. म्हणून पुढच्या साली पेरणीच्या वेळी कोंडाजीकाका बांधावर उभा राहून म्हणाला, “राजा, जमीन पडीक पडलेली मला बगवत न्हाई. औंदा दिव्याच्या अवसंच्या आत दोनी खाचरं लावलीस तर तुजी. न्हाई तर वरचं म्या लावणार. मग रडायचं न्हाई.”

आक्का म्हणाली, “न्हाई रडत.”

दोन खाचरं म्हणजे तिचं वर्षाचं पोट. ती गेली की माझ्या दारात, माझ्या बायकोच्या हाताखाली बसून खाणं आलं. माझी बायको गोजराबाई काही वाकडं बोलणारी नव्हती. पण आक्कानं मला भरवलं होतं. मी तिला भरवणं तिला सोसलं नसतं.

आता माझ्याबद्दल. गाव म्हणतं, भिवाजी बसऱ्याला लढायला गेला होता. मीही पुष्कळ वर्षं ते खोडून काढलं नाही. खरी गोष्ट अशी की मी तिथं भात वाहायला गेलो होतो. आमच्या तुकडीचे आचारी पहाटे डेगीला उकळी आणायचे, झाकण घट्ट लावायचे आणि अख्खी डेग गवत भरलेल्या खोक्यात दाबून बसवायचे. खोकं खेचरावर, खेचर माझ्या हाती. दुपारी मुक्कामाला खोकं उघडलं की आत भात शिजून तयार, वाफाळता. जाळ नाही, धूर नाही. मी त्या खेचराच्या शेपटीमागून मैलोन् मैल चाललो, आणि घरी येताना छातीवर बिल्ला न आणता डोक्यात ते खोकं घेऊन आलो.

पण खोक्याच्या आधी मला सूर्यानं पछाडलं. बसऱ्याचं ऊन असं की पत्र्याच्या पेटीवर हात टेकला तर कातडं निघावं. मी म्हटलं, ऊन ते ऊन. पिरंगुटच्या वाण्याकडून घासलेटच्या डब्यांचं रिकामं खोकं आणलं. आतून तव्याची काजळी तेलात कालवून फासली. वर लावायला काच हवी होती. ती घरात एकच होती, खंडोबाच्या तसबिरीवरची. देवाची माफी मागून ती काढली. पत्र्याचा एक तुकडा चिंचेनं आणि राखेनं घासघासून आरशासारखा केला आणि तो खोक्याला तिरपा बांधला, म्हणजे ऊन उडी मारून आत पडेल. चैत्रातला दिवस होता. आत वाटीभर तुरीची डाळ ठेवली आणि शेजारी बसून ओवी रचली:

सूर्यनारायणा, ये रे माझ्या अंगणी
खोक्यात शिजव डाळ, नको लाकूड ना पाणी

“पान्याबिगर डाळ?” गोजराबाई आतून ओरडली. “सूर्य शिजवील तवा शिजवील, पानी तरी घाला की अगुदर!”

घातलं. दर घटकेला सूर्य सरके तसं खोकं सरकवत मी अंगणभर फिरलो. दुपारी बकरी येऊन खोक्याच्या सावलीत बसली; एवढा एक उपयोग झाला. संध्याकाळी डाळ दाताखाली वाटाण्यासारखी लागली. पण चौथ्या दिवशी रताळी शिजली. खरंच शिजली! मी ती गावभर वाटली. गेणबा म्हणून आमचा एक म्हातारा शेजारी होता, त्यानं रताळं चावून पाहिलं आणि म्हणाला, “ब्येस हाय. पर भिवा, ह्येला अख्खा दिस लागला आन् एक अख्खा मानूस. तेवढ्यात म्या रताळं लावून काढलं असतं.”

पुढं मिरग लागला आणि भऱ्यावरचा सूर्य जो ढगात गेला तो गेलाच. आमच्याकडं तो चार महिने पाव्हण्यासारखा असतो. येतो म्हणतो आणि येत नाही. गोजराबाई म्हणाली, “आता तुमच्या सूर्याला घोंगडी द्या. गारठला असंल.”

ती चेष्टेनं म्हणाली, पण घोंगडी या शब्दानं माझ्या डोक्यातलं दुसरं खोकं जागं झालं. ऊन नको, जाळही नको. एकदा आलेली ऊब नुसती धरून ठेवायची. मी त्याच खोक्यात पेंढा भरला, मधे लहान टोपाएवढी जागा ठेवली, भाताला उकळी आणून टोप आत बसवला, वर पेंढ्याची उशी आणि घोंगडी. दोन तासांनी उघडलं. दाणा न् दाणा मोकळा! गोजराबाईनं दोनदा चव घेतली आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला पदक म्हणतात.

आक्कानं मात्र पुढचा विचार केला. ती पेंढ्यात हात घालून ऊब बघत बसली होती. म्हणाली, “भिवा, म्या इर्जिक घालती.”

इर्जिक म्हणजे गावाला हाक. एक दिवस सगळ्यांनी येऊन तुमचं शेत लावायचं, मजुरी नाही, फक्त दुपारी पोटभर जेवण. ते जेवण मात्र चोख हवं. चिखलातून वर आलेल्या माणसाला गरम भात मिळाला नाही तर पुन्हा त्या घरच्या हाकेला कोणी ओ देत नाही. आणि इर्जिकीत नेहमी दोन-तीन बाया घरी चुलीपाशी अडकतात. आमच्याकडं बाया होत्याच दोन, आक्का आणि गोजराबाई.

“भात पेंढ्यात शिजला तर आमी दोगी बी चिखलात,” आक्का म्हणाली. “एका दिसात दोनी खाचरं उरकतील. एवढ्या मान्सांचा भात धरंल का रं तुजं खोकं?”

“बसऱ्याला अख्खी पलटण जेवायची,” मी म्हणालो. पलटण नव्हती, तुकडी होती. पण तोंडात पलटण आली.

खोकं लहान पडणार होतं. आक्कालाच सुचलं की धान्याची बुटकी कणगी आषाढात रिकामीच असते. कणगीला आतून शेणानं लिंपलेलं, वारा शिरायला फट नाही. तिनं माळ्यावरचा कोरडा पेंढा निवडून निवडून काढला आणि एकटीनं कणगी भरली. तिचे हात चालताना पाहिले की वाटायचं, पेंढा नाही, बाळाची झोळी बांधते आहे.

इर्जिकीच्या दिवशी पहाटे आक्कानं आधण ठेवलं. मोठा टोप भाताचा, दुसरा वालाच्या आमटीचा. दोन्हीला खळखळून उकळी आल्यावर आम्ही ते गोठ्यातल्या कणगीत उतरवले, झाकणं लावली, वर पेंढा, वर घोंगडी. आक्का म्हणाली, “दुपारपत्तोर कुनी हात लावायचा न्हाई.” आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “तू ऱ्हातोस नव्हं ध्यान ठिवून? येता-जाता नजर ठेव.”

बावीस माणसं आली. इरली पाठीवर घेऊन बाया ओळीनं वाकल्या. आक्का मधे होती, गोजराबाई तिच्या शेजारी. माझ्याकडं रोपाच्या जुड्या वाहून आणायचं काम. खालचं खाचर न्याहारीच्या सुमारालाच अर्धं हिरवं झालं. आक्काचा आवाज मी कितीतरी वर्षांनी तसा ऐकला:

रोपाची गं जुडी, एका वाफ्यात वाढली
दुसऱ्या खाचरात तिला नांदाया धाडली

बाया मागून झेलत होत्या. कोंडाजीकाका बांधावरून बघत होता आणि कबूल न करता खूश होता, कारण लावणी सुरेख चालली की शेतकऱ्याला ती कुणाची हे आठवत नाही.

आणि अशा वेळी मला शंका आली.

शंकेला कारण नव्हतं. पण पलटण म्हटलं होतं ना मी. गेणबाला तंबाखू हवी होती, ती आणायच्या निमित्तानं घरी गेलो. कणगीपाशी उभा राहिलो. म्हटलं, नुसतं बघावं. घोंगडी सारली, पेंढा उचलला, झाकण कलतं केलं. भसकन वाफ तोंडावर आली. दाणा वरून मऊ, आत टणक. अजून वेळच झाला नव्हता, टणकच असणार. पटकन झाकलं.

शेतात गेलो. दोन खेपा वाहिल्या. मग मनात आलं, आपण उघडलं त्यानं ऊब गेली तर नसेल? आणि ऊब गेली की नाही हे कळायला उघडण्यावाचून दुसरा मार्ग काय? पुन्हा गेलो, पुन्हा उघडलं. वाफ जरा कमी वाटली. तिसऱ्या खेपेला मी गेलो तो वाफ मघापेक्षा किती कमी आहे ते बघायला. ज्या माणसानं अडीच वर्षं खेचरामागून चालताना एकदाही खोकं उघडलं नव्हतं, त्यानं एका सकाळीत स्वतःच्या घरी हे केलं. खेचर माझ्यापेक्षा शहाणं होतं. त्याचा खोक्यावर विश्वास होता.

दुपारी माणसं गोठ्यात पंगतीला बसली. अंगातून पाणी निथळतंय, बोटं पांढरी पडलेली, पत्रावळी समोर. कणगी उघडायचा मान मी माझ्याकडं घेतला. सगळ्यांकडं पाठ करून घोंगडी काढली. टोप बाहेर आला. भाताच्या वर पाणी तरंगत होतं. कोमट. वाल गोट्यांसारखे तळाशी बसलेले.

मग कोंडाजीकाकाची बायको भागूबाई, जी सकाळपासून वाकून लावत होती आणि जिच्या पोटात कावळे ओरडत होते, ती म्हणाली, “म्या म्हनतच व्हती. इर्जिकीचं आधण कुंकवाच्या हातानं ठिवावं. ज्या हाताचं दैवच उठलं, त्येच्यानं भात शिजंल व्हय?”

बावीस माणसांनी आक्काच्या हाताकडं पाहिलं. आक्कानंही पाहिलं. चिखलानं माखलेले दोन हात. तिनं ते हळूच पदराखाली घेतले.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अगदी लहान वाक्य होतं. पण त्याच्या शेजारी बसरा उभा होता, पलटण उभी होती, गावभर वाटलेली रताळी होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “पेंढा दमट असंल.”

पेंढा आक्कानं निवडला होता.

गोजराबाईनं धावपळ करून चूल पेटवली. ओली लाकडं नुसती धुमसत राहिली. लोकांनी गूळ-दाणे खाल्ले, पाणी प्याले, “व्हतं असं कवामवा” म्हणाले आणि पावसात निघून गेले. खालचं खाचर पुरं झालं होतं. वरचं राहिलं.

त्या दिवसापासून आक्कानं मला वाढणं सोडलं. भाकरी करायची ती आपल्यापुरती, कोपऱ्यात बसून. मी ताट घेऊन गेलो तर म्हणायची, “माज्या हातचं नगं रं. गोजराकडनं घे.” शेजारच्या देवूच्या पोराचं बारसं होतं, तिथं ती आपणहून गेली नाही. गाणं तर बंदच. एकदा पेंढा चाळत बसली होती, मला म्हणाली, “भिवा, म्या नीट दाबला व्हता ना रं? कुटं फट ऱ्हायली व्हती का?”

मी म्हणालो, “तसं सांगता येत न्हाई.”

सांगता येत होतं. मी दोनदा सांगायला म्हणून तिच्यापाशी जाऊन बसलोही. एकदा कोंबडीचा विषय काढून उठलो, एकदा तोही न काढता. गोजराबाई मला एवढंच म्हणाली, “गेणबामामांना तंबाकू आनाया गेला व्हता ना त्या दिशी? किती डाव गेला वो?”

“एकदा,” मी म्हणालो.

“मामा तर म्हनत्यात, तंबाकू पोचलीच न्हाई.” आणि ती भांडी घासायला लागली.

अवसेच्या आदल्या दिवशी कोंडाजीकाकाची इर्जिक होती. काकाची माणसं आमच्याकडं आली होती, तेव्हा आम्हाला फेड करायला जाणं भाग होतं. आक्का सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. पहिली जुडी लावायला बाया पुढं झाल्या, तशी भागूबाई हळू आवाजात म्हणाली, “राजा, तू आपली बांधाकडनं धर. पैली मूठ नगं लावूस.” तिनं ते दुष्टपणानं म्हटलं नाही. सासूला औषध देताना बोलावं तसं म्हणाली, आणि म्हणूनच जास्त लागलं.

आक्का बांधाकडं गेली. एकटी वाकून लावू लागली. तिच्या ओळीतली रोपं दोरी लावल्यासारखी सरळ होती. मी गुडघाभर चिखलात, डोक्यावर जुड्यांची पाटी घेऊन उभा होतो.

कोंडाजीकाका बांधावर आला. त्याच्या मागंच आक्काचं वरचं खाचर, चिखल करून तयार, साचल्या पाण्यात आभाळ उमटलेलं. “राजा,” काका म्हणाला, “उद्या अवस. म्या काय तुज्यावर डाफरत न्हाई. पर आता तुज्या हाकेला गाव येनार न्हाई, हे तुलाबी ठावं हाय. माजं रोप शिल्लक हाय. उद्या वरचं लावून घेतो.”

आक्का सरळ उभी राहिली. हातातली अर्धी जुडी तशीच. मला वाटलं, भांडेल. लहानपणी ती माझ्यासाठी गावाशी भांडायची.

“लावा काका,” ती म्हणाली. “माज्या हाताला यश न्हाई. मलाबी आता पटलंय ते.”

मी डोक्यावरची पाटी सोडली. ती चिखलात आपटली आणि जुड्या पसरल्या. भागूबाईच्या लुगड्यावर चिखल उडाला. “आरं मुडद्या!” ती म्हणाली. सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघायला लागल्या. बसऱ्याला गोळ्यांचे आवाज मी लांबून ऐकले होते. आमची तुकडी मागंच असायची. एवढी माणसं एकदम माझ्याकडं बघताहेत असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

“काका, खाचराला हात लावू नगा,” मी म्हणालो. “आक्का, तुज्या हाताचा काय बी दोष न्हाई. पेंढा कोरडा व्हता. तू चांगला दाबला व्हता. भात शिजत व्हता. म्याच झाकण उघडलं. तंबाकूचं निमित करून गेलो आन् उघडलं. तीन डाव.”

आक्का माझ्याकडं बघत राहिली; तिच्या हातातल्या जुडीचं पाणी टपटप गळत होतं. गोजराबाई वाकलेलीच होती. तिनं एक रोप चिखलात खोचलं, दुसरं खोचलं, आणि मान वर न करता विचारलं,

“तीनच?”

“चार,” मी म्हणालो. “चवथ्या डावाला अंगणात कुनाची तरी चाहूल लागली. झाकण लावलंच न्हाई, आक्का. तसंच टाकून, वर घोंगडी वढून पळालो.”